घरात माणसं किती

आमच्या कार्यालयात तिला सगळे मोजणीताई म्हणत. शहरातली घरं आणि घरांतली माणसं मोजणं हे तिचं काम. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं होतं.

साहित्यात एम.ए. करून मी नगररचना विभागात तात्पुरता लागलो, तेव्हा शहराचा पुढच्या पंचवीस वर्षांचा आराखडा तयार होत होता. पाणी कुठून आणायचं, रस्ते किती रुंद करायचे, नवी शाळा कुठं बांधायची, हे त्यात ठरणार होतं. नकाशे आरेखक काढत. आकडे ताई आणे. त्या सगळ्याला वाचण्यासारखं गद्य जोडणं माझ्याकडे होतं. पहिल्याच दिवशी मी लिहिलं, ‘आपलं शहर उद्याच्या उंबरठ्यावर उभं आहे.’ ताईनं ते वाचलं.

“उंबरठ्यावर कशाला ताटकळत ठेवलंयस बिचाऱ्याला?” ती म्हणाली. “आत तरी घे, नाहीतर बाहेर तरी काढ.”

मी वाक्य खोडलं. तेव्हापासून ती मला साहित्यिक म्हणू लागली.

आमचा विभाग दुसऱ्या मजल्यावर, पाणीपट्टीच्या खिडकीच्या बरोबर वर. खाली लोक भांडत, ते वर स्वच्छ ऐकू येई. मधोमध मोठं टेबल आणि त्यावर शहराचा नकाशा पसरलेला. पंख्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर निकामी पितळी नळ ठेवलेले. ते ताईनंच पाणीपुरवठा विभागातून मागून आणले होते. “त्यांच्याकडून एवढं तरी वेळेवर मिळालं,” असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगे.

नकाशाच्या वरच्या अंगाला, चढावर, तिची वस्ती. तिथं तुटक रेषेत एक निळं वर्तुळ काढलं होतं. नियोजित टाकी. तिच्या शेजारी नियोजित शाळा. डबा खाऊन हात धुतले की ताई त्या वर्तुळापाशी येऊन उभी राही. बोट ठेवत नसे. नुसती बघे.

“टाकी झाली की पाणी दिवसभर येईल,” ती म्हणे. “पाणी आलं की माणूस राहतो. शाळा असली की बायकोमुलांना घेऊन राहतो. गेले ते काय हौसेनं गेले? आपण त्यांना इथं जागाच ठेवली नाही.”

ती अनेकांविषयी बोलत असे. पण तिच्या डोळ्यांपुढे एकच असे, तिचा मुलगा. नवरा लवकर गेला, मुलाला तिनं एकटीनं वाढवलं. तो शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करायचा. काम इथं शिकला आणि कामाला लांब गेला, विमानानं जावं लागतं इतक्या लांब. लग्न तिकडेच केलं. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येई. “अजून थोडे दिवस, आई,” असं तो म्हणे. ती ते वाक्य मला सोमवारी सांगे, जणू काही नवीन बातमी आहे.

मी बरेचदा तिच्याकडे जेवायला असे. पुढे बसायची खोली, मग स्वयंपाकघर, आणि मागे त्याची खोली. तिथल्या पलंगावर कायम धुतलेली चादर. भिंतीतल्या प्लगला त्याचा जुना चार्जर तसाच लावलेला. तो लागेल असा फोन आता कुणाकडेच नव्हता. एका दुपारी मी तिथं पाठ टेकायला गेलो.

“तिथं नको,” ती आतून म्हणाली. मग बाहेर येऊन हसली. “आरक्षण आहे त्या जागेवर.”

मोजणीला ती मला सोबत नेई. “चार घरं हिंड,” म्हणे. “म्हणजे उंबरठे कमी लिहिशील.” पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी. दार ती वाजवत नसे. बाहेरूनच हाक मारी, “आहे का कुणी?” आणि पायरीवर बसून घेई. मग विचारी, “घरात माणसं किती?”

फॉर्मवर प्रश्न तसाच छापलेला होता. घरात माणसं किती.

एका घरी म्हातारा-म्हातारी दोघंच होती. दोरीवर दोघांचेच कपडे. म्हातारीनं बोटांवर मोजत सांगितलं, “पाच. आम्ही दोघं, मोठा, त्याची बायको आणि धाकटी.”

“मोठा दिसत नाही कुठं?” मी विचारलं.

“तो असतो तिकडे. धाकटीही नोकरीला बाहेरच. पण घरात पाचच की आम्ही.”

ताईनं पाच लिहिले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, “ताई, पाच कुठं दिसले तुला?”

“दिसायला कशाला हवेत? मी विचारलं, घरात किती. तिनं सांगितलं.” ती पुढे चालू लागली. “तिला काय सांगू मी? वहिनी, तुमची तीन माणसं वजा करते?”

चढावरच्या बहुतेक घरांत असंच झालं. मुलं बाहेर होती आणि आकड्यात घरी होती. ताईनं एकही आकडा वाढवला नाही. लोकांनी सांगितला तो लिहिला. तिच्या स्वतःच्या घरी तिनं लिहिलं तीन. ती, मुलगा, सून.

आकडे जुळवायला आमच्या विभागप्रमुख मॅडमनी बैठक बोलावली. पाणीपुरवठ्याचे अभियंता आले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

“मॅडम, चढावर एवढी माणसं राहत असतील,” ते म्हणाले, “तर ती अंघोळ करत नाहीत.”

सगळे हसले. ताईही आधी हसली. मॅडम हसल्या नाहीत. वयानं त्या ताईपेक्षा लहान होत्या आणि तिच्याशी नेहमी अहो-जाहो करत. त्यांनी फॉर्म मागवला. प्रश्न वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी मोठ्यानं.

“चूक इथं आहे,” त्या म्हणाल्या. “घर म्हणजे भिंती आणि घर म्हणजे कुटुंब. शब्द एकच. आपल्याला भिंतींच्या आतली माणसं हवी होती. लोकांनी कुटुंबातली सांगितली.”

“खोटं कुणीच बोललेलं नाही, ताई,” मॅडम म्हणाल्या. “पण मोजणी पुन्हा करावी लागेल.”

“पुन्हा केली तर?”

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. “तर आकडा उतरेल. टाकी लहान होईल. शाळा खालच्या नव्या वसाहतीत जाईल.”

“राहू द्या ना मोठी टाकी.” ताईचा आवाज चढला नव्हता. “थोडी मोठी बांधली म्हणून काय बिघडतं? उद्या येतील माणसं. जागा तरी असू दे.”

“नळही त्याच मापाचे टाकावे लागतात, ताई. मोठ्या नळात पाणी वापरणारे थोडेच असले, तर ते पुढे सरकत नाही. आतच पडून राहतं, वास मारायला लागतं. मग तेच पाणी, जे आहेत त्यांच्या भांड्यात येतं. जे आहेत त्यांचंही बघायला हवं ना?”

ताईनं मान हलवली. तिला पटलं होतं. मला वाटतं, पटलं नसतं तर तिला सोपं गेलं असतं.

नवा प्रश्न मॅडमनी ठरवला. शब्द बघून द्यायला मला सांगितलं. मी काहीच बदललं नाही. ‘काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?’ त्याखाली दुसरा प्रश्न, ‘घरात रिकामी खोली आहे का?’ आणि एक नियम आला. कर्मचाऱ्यानं स्वतःच्या घराची मोजणी करायची नाही, ती सहकाऱ्यानं करायची. ताईचं घर माझ्या वाट्याला आलं.

आम्ही पुन्हा चढावर गेलो. पहिल्याच घरातले आजोबा भडकले.

“काल रात्री कोण झोपलं होतं? पोलीस चौकीतून आलात काय?”

“पाण्याच्या टाकीसाठी विचारतोय, आजोबा.”

“टाकीला काय करायचंय कोण झोपलं त्याच्याशी? टाकी घोरण्यावर चालते का?”

दोरीवर दोघांचे कपडे होते त्या घरी म्हातारीनं प्रश्न नीट ऐकून घेतला. “झोपले ते हे,” तिनं नवऱ्याकडे बोट केलं. “माझा डोळा कुठं लागतो? एकच लिहा.”

“आडवी तर पडली होतीस,” नवरा म्हणाला.

“मग दोन लिहा.” ती ताईच्या हाताकडे बघत राहिली. “बाकीच्यांना काढून टाकलं का हो?”

“काढत नाही कुणी, वहिनी,” ताई म्हणाली. “जिथं झोपतात तिथं मोजतात त्यांना आता.”

“असं का,” म्हातारी म्हणाली. आणि आम्हाला पाणी विचारायचं विसरली.

त्यानंतर ताई चालताना बोलेनाशी झाली. माझी थट्टाही करेना. आठवडाभरात चढावरचा आकडा निम्म्यावर आला. आरेखकानं शाळेची चौकट पुसली आणि खाली नव्या वसाहतीत काढली. टाकीचं वर्तुळ लहान केलं. ताई डबा खाऊन आपल्या जागेवरच बसू लागली.

तिचं घर मी मागे ठेवत गेलो. त्या एका घराच्या आकड्यानं टाकी मोठी होणार नव्हती की शाळा परत येणार नव्हती. हे तिलाही माहीत होतं. तरी रोज ती म्हणे, “माझं उद्या कर.” शेवटी मॅडमनी विचारलं, आणि रविवारी सकाळी मी तिच्याकडे गेलो.

ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी ओट्यापाशी स्टूल ओढलं. फॉर्म मांडीवर घेतला.

“ताई, काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?”

“पाणी घेतोस?”

“ताई.”

“ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून.” तिनं परात फिरवली. “तुला येतं ना उत्तर? लिही की मग.”

“तू सांगायला हवंस. नियम आहे.”

“आला मोठा नियमवाला. परवापरवा आलास तेव्हा तुला शिपाईही ओळखत नव्हता.”

तिनं मागच्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं. चादर आजचीच वाटत होती. तेवढ्यात फोन वाजला. तिचे हात कणकेचे होते. कोपरानंच तिनं मला खुणावलं. मी फोन घेतला, आवाज मोठा केला आणि तो ओट्यावर ठेवला.

“आई, काय चाललंय?”

“मोजणी,” ती म्हणाली. “आमचा साहित्यिक आलाय माझी मोजणी करायला.”

तो हसला. “मग? किती भरली?”

ती परातीत बघत होती. मी उठून बाहेर जाणार होतो. तिनं मानेनंच नको म्हटलं.

“एक,” ती म्हणाली. आणि मग, “तुला कमी केलं रे, बाळा. सुनबाईलाही. प्रश्नच तसा आहे.”

मला वाटलं फोन कट झाला.

“आहेस का?”

“आहे. बरं केलंस, आई.”

“बरं केलं?”

“आम्ही इथं घर घेतलंय. महिना होऊन गेला. दर रविवारी सांगायचं ठरवतो. तू खोलीचं बोलतेस, टाकीचं बोलतेस. मग राहून जातं.”

ताईचे हात कणकेत होते तसेच राहिले. मी तिच्याकडे बघू शकलो नाही. ओट्यावरच्या फोनकडे बघत राहिलो. त्यात त्याचा चेहरा नव्हता, नुसता बोललेला वेळ सरकत होता.

“किती खोल्या?” ताईनं विचारलं.

“दोन.”

“उजेड येतो?”

“येतो. सकाळी चांगला येतो.”

“पाणी?”

“चोवीस तास.”

“मग चांगलं आहे,” ती म्हणाली. “चोवीस तास म्हणजे चांगलंच आहे.”

“आई, तू ये ना इकडे.”

“बघू,” ती म्हणाली. “सुट्टी मिळाली की बघू.” आणि थोड्या वेळानं, अगदी त्याच्याच सुरात, “अजून थोडे दिवस.”

त्यानं आणखी काही सांगितलं. सुनेनं नमस्कार सांगितला. ताई हो म्हणत राहिली. मग फोन बंद झाला. तिनं कणकेचा गोळा केला, त्यावर ताट झाकलं, हात धुतले. बराच वेळ धुतले.

“पुढचा प्रश्न काय आहे?” तिनं पाठमोरीच विचारलं.

तिला तो पाठ होता. आठवडाभर तिनं तो दारोदार विचारला होता. माझ्याकडून तो विचारवेना.

“विचार ना.”

“घरात रिकामी खोली आहे का?”

तिनं नळ बंद केला.

“आहे,” ती म्हणाली. “एक.”

मी पेन धरून बसलो होतो.

“लिही रे. पेन चालत नाही का?”

मी लिहिलं. तिनं फॉर्म हातात घेतला, दोन्ही उत्तरं वाचली आणि परत दिला. मग बूट घातले, पिशवी खांद्याला लावली. शेजारचं एक घर राहिलं होतं, तेही आजच उरकून टाकू म्हणाली.

शेजारच्या दारापाशी ती थांबली. रोजच्यासारखी हाक मारली नाही. कडी वाजवली. दार उघडलं तेव्हा तिनं तोंड उघडलं, पण बोलली नाही. माझ्या दंडाला हात लावून तिनं मला पुढे केलं, आणि प्रश्न मी विचारला.