कुत्र्याला घातलेले पोहे

हळूकाका शिखराच्या वाटेवरून परत फिरले ते माझ्यामुळे. कल्याणला आल्यावर मी उलटंच सांगितलं. तीन वर्षं लपवलेली ही चूक आधी कबूल करतो, मग काकांविषयी लिहितो.

काका कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर आमच्या कल्याणच्या ट्रेकिंग ग्रुपला हिमालयात नेऊ लागले. चालायचे इतके सावकाश, की पोरांनी नाव ठेवलं हळूकाका. कोणी पुढे धावला की म्हणायचे, “वर हवा विरळ असते रे. शरीराला रुळायला वेळ दे. नव्या सुनेला देतो ना, तसा.”

“काका, आमचं अजून लग्न नाही झालं!”

“मग तोवर माझ्या मागे चाल.”

मुक्कामाला पोचून सॅक टाकली की आडवं व्हायची सोय नव्हती. चहा झाला की ते सगळ्यांना आणखी तासभर वर चढवायचे आणि झोपायला पुन्हा खाली आणायचे. ही फुकटची हमाली, असं मी कुरकुरायचो.

खरी परीक्षा सकाळच्या पोह्यांची. डोकं दुखतंय का, हे काका विचारायचे, पण उत्तरावर भरवसा ठेवायचे नाहीत. “‘मस्त’ म्हणायला काय लागतंय? विरळ हवा बाधली की आधी भूक मरते. ताटली दाखव.” जिच्यात पोहे उरले, तिचा मालक त्या दिवशी वर जायचा नाही.

शिखर गाठणारच, असं मी ऑफिसभर सांगून आलेलो. तिसऱ्या मुक्कामावर सकाळी डोकं ठणकत होतं, पोह्यांचा वासही नकोसा झालेला. तंबूमागे एक केसाळ कुत्रा होता. त्याला पोहे घातले, डोकेदुखीची गोळी घेतली आणि रिकामी ताटली काकांपुढे धरली. “शाब्बास,” ते म्हणाले.

दुपारी चढावर मला उलटी झाली. पाऊल सरळ पडेना. काकांनी एकदाच शिखराकडे पाहिलं. गुडघ्यांमुळे हा त्यांचा शेवटचा मोठा ट्रेक होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांना दुसऱ्या लीडरबरोबर पुढे धाडून त्यांनी माझी सॅक स्वतःच्या छातीवर अडकवली.

“काका, जरा बसतो. बरं वाटेल.”

“बसून नाही, उतरून बरं वाटतं. चल.”

खालच्या मुक्कामापर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

परतल्यावर ग्रुपमधल्यांनी विचारलं, तेव्हा लाजेपोटी मी बोलून गेलो, “काकांना त्रास झाला. मी सोबत उतरलो.” काका समोरच उभे होते. माझ्याकडे पाहत राहिले, बोलले काहीच नाहीत. पुढच्या वर्षी कमिटीने त्यांना ‘आता आराम करा’ म्हणून सांगितलं आणि ते विठ्ठलवाडीच्या घरी बसले.

यंदा नवीन मंडळींच्या ट्रेकच्या कार्यक्रमातून शरीर रुळण्यासाठीचा विश्रांतीचा दिवसच कापलेला दिसला. “डोकं दुखलं तर गोळी आहे की,” नवा लीडर म्हणाला. मला माझी गोळी आठवली. पुढच्या सभेला मी विठ्ठलवाडीला जाऊन काकांना घेऊन आलो आणि सगळ्यांसमोर उभा राहिलो. पोहे, गोळी, खोटं, सारं सांगितलं. काकांना काहीच झालं नव्हतं, हेही सांगितलं.

काकांनी चष्मा पुसला.

“कुत्र्याने सगळे खाल्ले?”

“हो.”

“मग तुझ्याऐवजी त्यालाच वर न्यायला हवं होतं.”

सगळे हसले. माझी सुटका करण्यासाठीच ते तसं बोलले होते, पण मला तेवढ्यावर सुटायचं नव्हतं. मी वाकून त्यांचे गुडघे धरले.

“काका, माझं चुकलं. मला माफ करा.”