माणशी अर्धी वाटी

शाळेतली नोकरी सुटल्यावर मी जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेच्या क्लासला जायला लागले. वर्गात सगळी कॉलेजची मुलं, आणि त्यांच्यात चाळिशी ओलांडलेली मी एकटी. पहिल्या परीक्षेत नापास झाले. सर म्हणाले, "रविवारी घरच्या कुणाला तरी उपयोगी पडेल असा छोटा प्रोग्राम करून आणा. चालला तर पुढच्या बॅचला बसा." नाही चालला तर हा नाद सोडायचा, असं मी ठरवून टाकलं. वारज्याला राहणारी माझी आई मात्र रोज फोनवर विचारायची, "झालीस का गं पास?" त्या प्रश्नाचा मला अगदी वैताग आला होता.

मी सासूबाईंसाठी भाताचा प्रोग्राम केला. जेवणारी माणसं किती ते लिहायचं, की तांदूळ किती वाट्या ते खाली दिसणार. माणशी अर्धी वाटी, हे प्रमाण त्यांचंच. लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. शनिवारी संध्याकाळी मी मोठ्या ऐटीत तो त्यांच्या फोनवर उघडून दिला. त्यांनी आकडा लिहिला, बटण दाबलं आणि उत्तराच्या जागी उमटलं, NaN.

"म्हणजे काय?"

"म्हणजे... हा आकडाच नाही, असं म्हणतंय ते."

"बरं. मग आज उपास," असं म्हणून त्या कुकर लावायला उठल्या.

मी लॅपटॉप पुढे ओढला. एकेक ओळ तपासली, कंस पाहिले, चूक काही सापडेना. रडकुंडीला येऊन मी म्हटलं, "आई, पुन्हा एकदा लिहा ना." हात पुसून त्यांनी लिहिलं, ४. मराठी चार! त्यांचा कीबोर्ड मराठी, आणि मी लॅपटॉपवर कायम इंग्रजी आकडे टाकत आले होते. जावास्क्रिप्टला मराठी आकडा हा आकडा वाटतच नव्हता. माझं गणित बरोबर होतं! इतकं हायसं वाटलं, की मी स्वयंपाकघरातच फतकल मारून हसत सुटले. मग मराठी आकडा आधी इंग्रजी करून घेणाऱ्या दोन ओळी वाढवल्या. उत्तर आलं, दोन वाट्या.

"हे मी तोंडी सांगितलं असतं," सासूबाई म्हणाल्या.

रविवारी सरांसमोर प्रोग्राम बिनबोभाट चालला. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. चष्मा लावून त्यांनी फोन उघडला. घरात आम्ही चौघं, पण त्यांनी लिहिलं, ५.

"अडीच वाट्या," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला जेवायला बोलाव. असल्या गोष्टी काय फोनवर सांगायच्या?"