रंग दिलेली कुऱ्हाड

बावन्न साली, दिवाळीनंतरच्या पहिल्याच अहेरीच्या बाजारात एका दुकानदारानं फसवलं ते आमच्या शेजारच्या काकीला. तेलरंगाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. आमच्याकडं कुऱ्हाड घ्यायची तर माणूस घरून दांडा घेऊन येतो, पातं त्यावर बसवून बघतो आणि मगच विकत घेतो. काकीनंही दांडा आणला होता, पण दुकानदार म्हणाला, "बाई, आता दांड्यासकटच माल येते. रंग तं पाहा, शहरातला हाय!" बांबूची कटाई तोंडावर आली होती, घरात दुसरी कुऱ्हाड नव्हती, तिनं घेतली. जंगलात पहिलाच घाव घातला आणि पातं उडून तिच्या लेकीच्या कानाजवळून गेलं. रंग खरवडला तर पात्याच्या भोकापाशी, जिथं दांडा बसतो तिथं, जुनी भेग, रंगानं बुजवलेली! पुढच्या बाजारी मी काकीसोबत गेलो. "तुमचा हातच जड, बाई," दुकानदार हसला. काकी म्हणाली, "जड हाय म्हणून तं कुऱ्हाड घेतली, भाऊ. हलका असता तं सुई नसती घेतली?" लोक हसले आणि आपापल्या वाटेनं गेले, पण कुऱ्हाड काही बदलून मिळाली नाही. त्या हसणाऱ्यांचा मला आजही दुकानदाराइतकाच राग येतो. म्हणून तुम्हाला सांगतो, जो दांडा काढून पातं दाखवत नाही, त्याच्याकडून खिळासुद्धा घेऊ नका. आणि शेजारचा घेत असेल तर त्याचा हात धरा.