पांढरा रंग पारखणाऱ्या आपा

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतल्या टीव्हीच्या कारखान्यात मी पहिल्या दिवशी गेले, तेव्हा तपासणी विभागात तीन टीव्ही शेजारी शेजारी चालू होते आणि तिन्हींवर नुसता पांढरा पडदा होता. समोरच्या स्टुलावर विभागप्रमुख नसीमबानू सय्यद बसल्या होत्या. त्यांनी मला शेजारी बसवून विचारले, “काय दिसतंय?”

“पांढरं,” मी म्हणाले.

“तिन्ही सारखेच?”

मी पुन्हा पाहिले. बऱ्याच वेळाने ध्यानात आले की एक पडदा दुधासारखा आहे, दुसरा नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा आणि तिसरा हळदीचा हात लागल्यासारखा. मी तसे सांगितले. “मग उद्यापासून या,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या माझ्या आपा झाल्या. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिताना आजही मला त्यांच्यासमोर बसल्यासारखेच दडपण आले आहे.

आपांची परीक्षा कडक असे. पडद्यावर बाईची वेणी दाखवली तर केसांचे पेड वेगळे दिसले पाहिजेत, काळा गोळा दिसता कामा नये. हिरवळीवरून चेंडू गेला तर मागे शेपूट राहता कामा नये. एकदा दिवाळीच्या तोंडावर माल भरून टेम्पो दारात उभा होता आणि आपांनी अख्खा लॉट अडवला. पडद्यावरचे चेहरे किंचित हिरवट दिसत होते. मॅनेजर साहेब चिडले, “गिऱ्हाइकाला एवढं कळतं का?” आपा शांतपणे म्हणाल्या, “त्यांना कळत नाही म्हणूनच मला इथं बसवलंय ना साहेब?” टेम्पो रिकामा परत गेला.

पुढे काचेच्या पिक्चर ट्यूबचे दिवस संपले आणि आमचा विभाग बंद झाला. मी घरी बसून रडत होते, कारण जे शिकले ते कवडीमोल झाले होते. आपा तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांनी कुठून तरी दोन बिघडलेले एलसीडी पॅनल मिळवले आणि दर रविवारी मला मुकुंदनगरच्या आपल्या घरी बोलावले. आम्ही दोघी ते उघडून पाहत असू. शिरखुर्म्याची वाटी पुढे सरकवत त्या म्हणायच्या, “ट्यूब गेली तर गेली. बघायचं कसं ते तर आपल्याजवळच आहे.” त्या रविवारांच्या बळावर मी आणि माझ्या यजमानांनी राहात्याला टीव्हीचे दुकान काढले. आपा दर गुरुवारी नगरहून एसटीने येऊ लागल्या.

त्यांच्यामुळे आमच्या दुकानात एक रीत पडली. दोन टीव्ही शेजारी लावायचे, दोन्हींवरची नावे वर्तमानपत्राच्या कागदाने झाकायची, दोन्हींचा उजेड सारखा करायचा आणि एकच चित्र लावायचे. “आता बोला,” आपा म्हणत. एका शिक्षकांना महागडा ओएलईडीच हवा होता. आपांनी त्यांना समजावले, “याच्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो, म्हणून काळा अगदी काळा दिसतो. साध्या एलईडीत मागं दिवा असतो, काळ्यातही थोडा उजेड झिरपतो. पण तुमच्या बैठकीत खिडकी कुठं आहे?” पश्चिमेला, मोठी, बिनपडद्याची. “मग संध्याकाळी ऊन पडद्यावर येणार. तिथं तुम्हाला हा जास्त प्रखर एलईडीच बरा दिसेल.” ते गुरुजी अजून भेटले की आपांची खुशाली विचारतात.

पण मला ज्या आपांपुढे आजही हात जोडावेसे वाटतात, त्या मला फार पुढे दिसल्या. त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर पहिल्याच गुरुवारी त्या दुकानात आल्या, पांढरा पडदा लावायला सांगितला, आणि एक डोळा झाकून पाहिले, मग दुसरा. पुन्हा पहिला. त्या खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

“विजया, दोन डोळ्यांना दोन पांढरे दिसतायत गं.”

मोतीबिंदूने नजरेवर पिवळट झाक आली होती. ती इतकी हळू आली की त्यांना कळलीच नाही, आणि ती भरून काढायला त्यांचा हात प्रत्येक चित्रात निळा थोडा जास्त घालत आला होता. दोन वर्षे गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन चित्र त्यांनीच बसवून दिले होते.

माझे यजमान म्हणाले, “आपा, एकाचीही तक्रार नाही. कशाला मनाला लावून घेता?”

“त्यांनी माझ्या नजरेवर भरवसा टाकला होता. तक्रार कशी करतील?”

दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन होईपर्यंत त्या थांबल्या. मग वही काढली. कोणाच्या घरी कोणता टीव्ही, खिडकी कुठे, माणसे कुठे बसतात, सगळे त्यात होते. चाळीसएक घरे. प्रत्येक घरी त्या स्वतः गेल्या, बरोबर मी. दारात उभ्या राहून त्या सांगायच्या, “माझी चूक झालीय, दुरुस्त करायला आलेय.” बहुतेकांनी चहा पाजला. एका गृहस्थांनी मात्र भरल्या घरात फैलावर घेतले, “म्हणजे आमच्या गळ्यात चुकीचा टीव्ही मारला?” आपांनी मान खाली घालून ऐकले. टीव्हीची निवडही आपांच्या त्याच नजरेने झाली होती आणि त्या घरी खरोखरच दुसरा टीव्ही योग्य ठरला असता. आम्ही तो बदलून दिला. हा प्रसंग लिहू नये असे मला वाटत होते. पण बाकीचा मजकूर वाचून दाखवला तेव्हा आपा म्हणाल्या, “तेही लिही. ते बरोबर बोलत होते.”

शेवटचे घर नेवाशाजवळ मळ्यात होते. घरधनी हसले, “आपा, आमाला तर लई झ्याक दिसतंय. कशाला येवढ्या लांब आलात?” आपांनी चित्र लावले. घरच्या बाईंनी लेकीच्या लग्नाचा व्हिडिओ लावायला सांगितला. आपा निळा एकेक पायरी कमी करत गेल्या. अचानक त्या बाई उठून पडद्याजवळ गेल्या.

“ह्यो बघा, ह्यो! शालू लालच हुता!” त्यांनी पदर डोळ्यांना लावला. “दोन वर्सं जांभळा दिसतुया. मला वाटलं, माजंच डोळं चाललं. भ्यापायी कुनाला बोलले न्हाई.”

आपांनी त्यांचे दोन्ही हात धरले. “वहिनी, तुमचे डोळे चांगले होते. माझेच गेले होते. माफ करा मला.”

मी भिंतीला टेकून उभी होते. इतकी वर्षे मला वाटत होते की आपांकडून मी रंग ओळखायला शिकले.

आज आपांचे दोन्ही डोळे स्वच्छ आहेत, गुडघे मात्र कुरकुरतात आणि राहात्याच्या एसटीची पायरी उंच आहे. त्या गुडघ्यांना बळ मिळो, त्यांना निरोगी शंभरी लाभो, आणि आमचे काही चुकले तर ते आम्हाला तोंडावर सांगायला त्या आमच्यात दीर्घकाळ असोत, हीच आम्हा सर्वांची मनापासूनची प्रार्थना.