देवराईतली गारंबी

जांबोटीकडची देवराई बघायचं आक्कानं ठरवलं. आक्का माझी थोरली बहीण, बेळगावात कॉलेजला वनस्पतिशास्त्र शिकवते. तिच्याबरोबर जंगलात जाणं म्हणजे काय ते माहीत असूनही मी हो म्हणाले.

फेब्रुवारीत जा, पावसाळ्यात जळवा सोडत नाहीत. निपाणीहून सकाळीच निघाले. हायवेचं काम संपायचं नाव घेत नाही, दिशादर्शक फलकावर विश्वास ठेवला तर उसात शिराल. बेळगावात आक्काला घेतलं आणि जांबोटीच्या रस्त्यानं पाठ खिळखिळी केली. वर हिला दर वळणावर थांबायचं.

"हा ऐन. साल बघ, मगरीच्या पाठीगत. आणि तो किंजळ."

"आक्का, दुपार व्हायच्या आत पोचायचंय गं."

जांबोटीत पोटभर खाऊन घ्या. पुढं चहाही मिळत नाही आणि फोनही लागत नाही.

देवराईत शिरलं की ऊन वरच राहतं. आक्काला गारंबी दाखवायची होती. माणसाच्या कमरेएवढा जाड हा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, शेंगा हातभर लांब. शेकरू त्याच्यावरूनच शेंडे ओलांडतं. शिकत असताना आक्का याच वेलाखाली बसायची.

वेल बुंध्याशी कापलेला होता. ताजा. वर पानं अजून हिरवी होती. शेजारी वाळू, सिमेंट, देवळाच्या नव्या शेडसाठी खड्डे.

मला वाटलं आक्का रडेल. ती शेडचं काम बघणाऱ्या आप्पांकडे गेली.

"हे कुणी कापलं?"

"आमीच. लई माजलावता. झाडं मारतोय बाई त्यो, वर देवळावर पाला."

"झाडं मारत न्हाय तो. झाडं जोडतो. देवाचं रान म्हणता आणि देवाला पाल्याचा त्रास होतो?"

आप्पा चिडले. मीही चिडले, दोघांवर. शेवटी आक्का खाली बसली आणि बुंध्यावर हात ठेवून म्हणाली, "कापलेलं जुळत न्हाय. पण हा खालनं फुटंल. ह्याच्यावर तेवढं सिमेंट घालू नका."

आप्पांनी बुंध्यापासून खड्ड्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. मग गवंड्याला म्हणाले, "खांब पलीकडं घे रं."

परतीच्या वाटेवर आक्कानं एकाही झाडाचं नाव घेतलं नाही. मी स्वतःहून गाडी थांबवली, तरी नाही.

घरी येऊन महिनाभर मी रागातच होते. रस्त्यावर, शेडवर, आणि इतक्या उशिरा गेलो म्हणून आमच्यावरही. मग मी आक्काकडे गेलेले असताना जांबोटीहून आप्पांचा तिला फोन आला. फुटवा आलावता, म्हणाले, पण शेळीनं खाल्ला.

आक्कानं कपाळावर हात मारला. "काटे का न्हाय लावले?"

"लावल्यात की आता. दुसरा आलाय, म्हणून तर फोन केला."