जानकीबाईंच्या हातच्या चिखल्या

जानकीबाईंचं माहेर दासगावचं, सासर महाडजवळ, आमची शाळा होती त्याच गावातल्या बौद्धवाडीत. शंभर माणसांच्या लग्नाचं जेवण एकटीनं उतरवायची बाई. दोन हजार तीन साली आमच्या शाळेत खिचडी शिजू लागली, तेव्हा आम्ही शिक्षकांनी डोळे झाकून त्यांचं नाव सुचवलं. पहिल्याच आठवड्यात सात पोरं घरून डबे आणू लागली. का, ते कुणी बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

डिसेंबरात गावाला आयतं कारण मिळालं. तांदूळ धुणं, पातेली घासणं, दिवसभर हात पाण्यात. जानकीबाईंच्या बोटांच्या बेचक्यांतलं कातडं पांढरं पडून फाटलं. पायाला झालं असतं तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. लावणीत चिखल्या कुणाला होत नाहीत? पण थंडीत, आणि हाताला? चिखल नाही तर चिखल्या कुठल्या! लोकांना दिसू नये म्हणून त्या बोटांना फडकं बांधू लागल्या. फडकं सदा ओलं, त्यामुळे आत हात आणखीच सडला.

शाळा समितीचे अध्यक्ष हैबतीआबा, म्हणजे चौथीतल्या सईचे आजोबा, वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, तिच्या हाताला रोग हाय. पोरांच्या पोटात जायचा. दुसरी बाई बघा."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "डॉक्टर म्हणाल्या तर बघू. तुम्हीही चला महाडला, स्वतःच्या कानांनी ऐका." जानकीबाई घाबरल्या होत्या. हे काम गेलं तर पुन्हा दुसऱ्यांच्या शेतात राबणं होतं.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टर विनीतांनी बेचक्यातलं कातडं खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि आम्हा तिघांना बघायला लावलं. गोल गोल पेशी, कुणाकुणाच्या अंगाला बारीक कोंब.

"हे यीस्ट," त्या म्हणाल्या. "पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या लांबच्या भावकीतलं. धडधाकट माणसाच्याही तोंडात, पोटात गुपचूप राहतं. ओल आणि ऊब मिळाली, की जनुकं तीच असून पेशी गोल राहायचं सोडते, धागे काढते आणि कातडीत घुसते. चिखलाचा काही संबंध नाही. आणि खिचडी उकळते, त्यात हे मरतं."

तेवढ्यात चहा आला. पहिल्या घोटाला आबांचं तोंड वाकडं झालं.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"टाळू जळतोय जरा. म्हयनाभर हाय."

"कवळी रात्री काढता का?"

"नाय. कशाला?"

डॉक्टरांनी कवळी काढायला लावली. टाळू लालभडक. तिथलं थोडं पुसून त्यांनी तेही काचेवर घेतलं आणि आबांना भिंगाशी बसवलं. तेच गोल, तेच कोंब. आबा कवळी हातात धरून बसले. खोटं कशाला बोलू, मला हसू आवरेना. जानकीबाई मात्र हसल्या नाहीत. "व्हईल बरं, आबा," एवढंच म्हणाल्या.

औषध दोघांना मिळालं. आबांनी रात्री कवळी काढून ठेवायची, जानकीबाईंनी फडकं फेकून हात कोरडा ठेवायचा. मलम लागू पडेपर्यंत पातेली आम्ही शिक्षकांनी घासली. संक्रांतीपर्यंत हात स्वच्छ झाला. दुसऱ्या बाईचा विषय आबांनी पुन्हा काढला नाही. डबेही एकेक करून बंद झाले. एक सोडून.

मी आबांना गाठलं. "आता सईचा डबा कशाला?"

आबा दुसरीकडे बघत म्हणाले, "हात बरा हाय तिचा. पन पोरीला घरच्या डब्याची सवय लागली."

हे चुलीपाशी ऐकू गेलंच. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. जानकीबाई म्हणाल्या, "जाऊ द्या, बाई. मलमानं बरा व्हनारा रोग माझा व्हता."

मग त्यांनी हजर पोरं किती ते विचारून घेतलं आणि तांदूळ मापला. सईचाही धरला, पहिल्या दिवसापासून धरत होत्या तसा.