लेकीची गिटार

सोल्डरिंगचा वास आला की मला लेकीची गिटार आठवते. नवरा गेला तेव्हा मी मरोळच्या कारखान्यात रेडिओच्या वायरी जोडायचे. बोटं भाजली, पण पोरगी वाढवली. तिनं घरीच फळी कापून विजेवरची गिटार केली. त्याच दिवशी संध्याकाळी तिचा कार्यक्रम, आणि काळी वायर आवाजाच्या बटणाच्या पाठीला चिकटेचना. लेक रडकुंडीला आली. मी म्हटलं, "सरक गं." "आई, तुला हा वायरिंगचा नकाशा कळतो?" "नाही. पण पाठ घासल्याशिवाय सोल्डरचा टाका बसत नाही, एवढं कळतं." पॉलिश पेपरनं घासलं, टाका मारला, लेकीनं तार छेडली, स्पीकर दणाणला. शेजारीण ओरडली, "वाट लागली ना कानाची!" संध्याकाळी स्टेजवर लेक माईकात म्हणाली, "लाकूड माझं, वायरिंग आईचं." आजही कुणी विचारलं, आजी, काय काम केलंत, तर मी आधी गिटार सांगते.